पूजेतली खीळ

दसऱ्याच्या सकाळी वच्छला घटापुढच्या दिव्यात तेल घालायला वाकली, आणि पाटावरच्या हत्यारांमध्ये तिला ती खीळ दिसली. करंगळीएवढी लांब, मधून दुभंगलेली, डोक्याशी वाटोळा डोळा असलेली. तिला हळदकुंकू लावलेलं होतं आणि वर झेंडूची एक पाकळी चिकटली होती.

आधी तिला काही सुचलंच नाही. मग पळीतलं तेल दिव्यात पडायचं ते पाटावर सांडलं. ही खीळ कशाची ते तिला चांगलं ठाऊक होतं. ती मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाची होती. मोटार तर केव्हाच घरून निघाली होती, आणि मोटारीत तिचा नवरा शालिकराम होता, त्याच्या शेजारी त्यांची सात वर्षांची शकुन.

आता माळ्याच्या घरात मोटार आली कुठून, ते सांगायला पाहिजे. त्या वेळी वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा, आणि पातूरच्या घाटावरल्या आमच्या त्या वस्तीत धड एक सायकल नव्हती. शालिकराम आठ वर्षं अकोल्याला मोटारीच्या कारखान्यात फिटर होता. बाप गेला तसा तो मळा पाहायला घरी आला, पण हाताची खाज काही जाईना. अकोल्यात कापसाच्या एका जिनामागं निंबाखाली एक मोटार सडत पडली होती. कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. ती यानं उचलली आणि बैल जुंपून घाट चढवून घरी आणली. वस्ती हसून हसून लोळली. "शालिक, बैलं मोटारीत बसव आन् तू वढ लेका!" म्हणत पोरं महिनाभर मागं लागली होती. यानं कोणाला उत्तर दिलं नाही. दोन वर्षं तो त्या सांगाड्याखाली पाठीवर पडून राहिला.

दुसरं माणूस हाताशी नव्हतं, म्हणून मग वच्छला. "तिकडून धर. जरा उचल. आता चाक फिरव." तिचे हात वंगणानं काळे व्हायचे आणि भाकरीला वास यायचा, त्यावरून सासूची, माणिकबाईची, बोलणी खायची ती वेगळीच. पण वच्छलाला ते काम आवडायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू. लहानपणी तिनं बापाच्या बैलगाडीच्या आखाला वंगण घातलेलं होतं. चाक, आख, खीळ, हे तिला काही नवं नव्हतं.

इंजिन झालं, मागं टोपल्या ठेवायला सागाच्या फळ्या झाल्या, आणि शेवटाला राहिला पुढचा आख. जुना आख वाकलेला होता, आणि चाकातल्या बेरिंगांच्या गोळ्या झिजून चपट्या झाल्या होत्या. चाक फिरवलं की मांजर गुरगुरावं तसा आवाज यायचा. शालिकराम तीनदा अमरावतीला गेला. तिसऱ्या खेपेला भंगारवाल्याकडून सरळ आख मिळाला, आणि नवी बेरिंगं तेलकट कागदात गुंडाळून आणली. त्याच पुडीत दोन खिळा होत्या. मोजून दोन.

हे सगळं आलं ते अष्टमीच्या संध्याकाळी. दसऱ्याच्या सकाळी झेंडू अकोल्याच्या बाजारात पोचवायचा म्हणून मळ्याचा मळा फुलवला होता, तेव्हा थांबायला वेळ नव्हता. त्याच रात्री नवा आख चढला. नवमीला दिवस उजाडल्यापासून दोघं चाकांना लागले. उजवं चाक झालं. शालिकरामनं बेरिंगात बोटांनी वंगण कोंबलं, चाक बसवलं, वरून नट आवळला. "चाक जड लागेस्तोवर आवळायचा," तो सांगत होता, "मंग केसभर सैल सोडायचा. आन् मंग ही खीळ नटाच्या खाचेतून आरपार घालून तिचे पाय फाकवायचे. ही एवढीशी पोरगी नसली ना, त नट फिरत फिरत सुटते, चाक आपल्या वाटेनं जाते आन् गाडी आपल्या." वच्छला हसली होती. तिनं स्वतः पक्कड धरून त्या खिळेचे पाय फाकवले होते.

डावं चाक चढलं, नट आवळला, सैल सोडला, आणि माणिकबाईनं हाक मारली. खंडेनवमीची पूजा. घरातलं लोखंड म्हणून जे काही असेल ते धुऊन पाटावर मांडायचं, आणि दसऱ्याला दुपारचा निवद दाखवून घट हलेस्तोवर त्याला हात लावायचा नाही. शालिकराम अंघोळीला पळाला आणि वच्छलाला सासूनं हत्यारं गोळा करायला पिटाळलं. तिनं मोटारीखालचं तेलकट पोतं उचललं. पाने, पक्कड, हातोडा, कानस, आणि पोत्याच्या घडीत पडलेलं हे एवढंसं. सगळं राखेनं घासलं, पाटावर विळ्या-खुरप्यांच्या शेजारी ओळीनं मांडलं. लोखंड ते लोखंड! त्या घाईत तिनं पाहिलं का, की आपण काय घासून राहिलो? नाही पाहिलं. हातानं केलं आणि डोकं निवदाच्या पुरणात होतं.

आणि आता पळी हातात धरून ती पाटापुढे उभी होती. शकुनला मोटारीत तिनंच बसवलं होतं. अकोल्याचा दसरा पाहायचा म्हणून पोरीनं आदल्या दिवशी आकाशपाताळ एक केलं होतं. पहाटे तिनं पोरीची तेल लावून वेणी घातली, नवा परकर नेसवला आणि वर बजावलं, "बाबाच्या बाजूले घट्ट बसजो." घट्ट बसून काय होणार होतं? चाकच नाही राहिलं, त घट्ट बसून काय होणार होतं!

"आत्याबाई!" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

माणिकबाई चुलीपुढून उठून आली. वच्छलानं बोट दाखवलं आणि सांगितलं, तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. खीळ चाकाची आहे. चाकात नाही, इथं आहे. मोटार वाटेत शेजारी पुंजारामच्या मळ्यावर त्याच्याही टोपल्या भरायला थांबणार होती, अजून घाट उतरली नसेल. पाऊलवाटेनं गेलं तर गाठता येईल.

"मंग जा पळत," माणिकबाई म्हणाली. "आवाज दे त्याले."

"खीळ न्या लागते. पाना न्या लागते, पक्कडही. तेथी त्याईच्यापाशी काईच नाही."

वच्छलाचा हात पाटाकडे गेला आणि सासूनं तो मनगटात धरला. हे समजून घ्या, की ती दुष्ट बाई नव्हती. सहा वर्षांमागं तिच्या नवऱ्यानं असाच दसऱ्याच्या सकाळी पाटावरला विळा उचलून बैलाला कडबा कापून टाकला होता. तो दिवाळीचा दिवा पाहायला उरला नाही. तेव्हापासून पाट मांडला की माणिकबाई दोन दिवस त्याच्यासमोर चटई टाकून निजायची.

"पूजा मोडू नको, वच्छला. तुह्या पाया पडतो. माह्या घरात एक जीव गेला यानं. आता लेकावर आणू नको."

"आत्याबाई, लेक त चाकावर हाये!"

"देवी सांभाळल त्याले. तिची सेवा केली आपण नऊ दिवस." मग म्हातारी जरा चढ्या आवाजात म्हणाली, "त्यानंही काल सांजच्याले पक्कड मांगतली होती. म्या नाही देली. एक शब्द नाही बोलला, उलट्या पायी गेला. अन् तू त सून हायेस."

हे वच्छलाच्या कानात शिरलं, पण डोक्यात उतरलं नाही. तिच्या डोक्यात तेव्हा फक्त घाटाची वळणं होती. तिनं सासूच्या डोळ्यांत पाहिलं, दुसऱ्या हातानं पाटावरची खीळ उचलली, पाना उचलला, पक्कड उचलली. पाट हलला, सुपारी घरंगळली. माणिकबाईनं "अव माय व!" म्हणून कपाळ धरलं आणि मटकन खाली बसली. वच्छलानं सगळं पदरात बांधलं आणि कासोटा घट्ट मारत ती अंगणातून बाहेर पडली.

धावताना तिला वाटत होतं, की आपल्या मागून कोणी तरी येऊन राहिलं आहे. मागं कोणी नव्हतं. पण पाटावरचं लोखंड पदरात घेऊन आजवर त्या वस्तीत कोणी धावलं नव्हतं, आणि पाना दर पावलाला मांडीवर आपटत होता. देवीचा कोप खरा असला तर तो कोणावर पडणार? तिच्यावर पडला तर पडो. "माह्यावर पड," ती धावत धावत बोलायला लागली, "माह्यावर पड, पोरीवर नको, त्याईच्यावर नको."

सडक घाटात साप निजल्यासारखी वळणं घेत उतरते. पाऊलवाट मात्र सागाच्या रानातून नीट खाली सुटते आणि तिसऱ्या वळणाआधी सडकेला मिळते. पावसाळा नुकताच सरला होता, कंबरभर गवत माजलं होतं, आणि कुसळं लुगड्यात शिरून पोटऱ्यांना टोचत होती. दगड ओले होते. दोनदा ती पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा आधी पदर चाचपला, खीळ आहे का पाहिली, आणि मग गुडघ्याकडे पाहिलं.

आणि तिथं, त्या बसलेल्या जागी, सासूचं बोलणं तिच्या डोक्यात उतरलं. त्यानंही काल पक्कड मांगतली होती.

कशाला मागितली?

शालिकराम नवमीच्या संध्याकाळी पक्कड कशाला मागेल? चाकं झाली होती, इंजिन झालं होतं. टोपल्या बांधायच्या तर दोरी लागते, पक्कड नाही. ती उठली आणि धावायला लागली, पण आता तो प्रश्न तिच्याबरोबर धावू लागला. कदाचित दिव्याची तार असेल. हां, दिव्याची तार सैल होती, तो म्हणाला होता. तारच असेल. खीळ नाही हे त्याला माहीत असतं, तर त्यानं पोरीला मोटारीत घेतलंच नसतं. जीव होता त्याचा शकुनवर. ती तापली की रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायचा तो. नाही, नाही, त्याला माहीत नव्हतं. चूक माझी आहे, सगळी माझी. हे म्हणताना तिला एक प्रकारे बरं वाटत होतं, आणि असं बरं वाटतंय याचीच तिला भीती वाटायला लागली.

तेवढ्यात वरून मोटारीचा आवाज आला.

पुंजारामच्या मळ्याकडून मोटार घाटाला लागली होती. घरघर आधी बारीक ऐकू आली, मग मोठी झाली. पहिलं वळण. वच्छला नाल्यात उतरली, गुडघाभर पाण्यातून पलीकडे चढली. आवाज एकदम बंद पडला. ती उभीच राहिली. रानात एक पाखरू बोलत नव्हतं. गेलं, तिला वाटलं, चाक गेलं, आता लाकडं मोडल्याचा आवाज येईल. तिनं डोळे मिटून घेतले. मग डोंगराच्या खांद्याआडून घरघर पुन्हा वर आली, पहिल्यापेक्षा जवळ. मोटार नुसती आडोशाला गेली होती. वच्छला रडत रडत धावली.

ती सडकेवर आली तेव्हा मोटार दुसऱ्या वळणातून बाहेर पडत होती. मागं चौदा टोपल्यांचा केशरी ढीग, पुढे काचेमागं शालिकरामचा फेटा आणि त्याच्या कोपराशी शकुनचं डोकं. आणि डावं चाक. ते चाक सरळ फिरत नव्हतं. वरच्या बाजूनं बाहेर कलायचं, आत यायचं, पुन्हा कलायचं. वच्छलाच्या पाठीमागं पन्नास पावलांवर तिसरं वळण होतं, मोटारीच्या उजवीकडं वळणारं, आणि तिच्या डाव्या हाताला सरळ दरी. भरलेली गाडी उजवीकडं वळली की सगळं ओझं डाव्या चाकावर येतं, हे गाडी हाकणाऱ्याच्या पोरीला कळत होतं. वळणात मोटार शिरायला नको. त्याच्या आत थांबायला पाहिजे, आणि तेही हळू, हिसक्यानं नाही.

ओरडावं तर मोटारीच्या घरघरीत आवाज पोचणार नाही. हात हलवावा तर त्याला वाटायचं, बायको कौतुकानं पाहायला आली. तिनं एकच केलं. सडकेच्या मधोमध गेली आणि मांडी घालून बसली.

शालिकरामनं भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. मग त्यानं ओळखलं. त्या मोटारीला ब्रेक होता तो फक्त मागच्या चाकांना, आणि उतारावर टोपल्यांचं वजन तिला पुढं रेटत होतं. चाकं खरडत आली, खडी उडाली, वच्छलाच्या तोंडावर धूळ आली. तिनं डोळे मिटले नाहीत. तिची नजर डाव्या चाकावरून हलली नाही. ते कललं, पुन्हा कललं, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर मोटार थांबली.

"माय!" शकुन आतून ओरडली. "तू भी येतं अकोल्याले?"

शालिकराम उडी टाकून उतरला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "काय झालं? माय बरी हाये ना?"

वच्छलानं पदराची गाठ सोडली आणि हळदकुंकवानं माखलेली खीळ तळहातावर धरून त्याच्यापुढे केली.

शालिकरामनं खिळेकडे पाहिलं. तो दचकला नाही. "ही कुठी सापडली" म्हणाला नाही. त्यानं नुसती मान खाली घातली, जसा चोर पाटलापुढे घालतो. सकाळपासून वच्छला किती तरी गोष्टींना भ्याली होती. पण त्याच्या त्या खाली गेलेल्या मानेएवढी ती कशालाच भ्याली नव्हती.

ती चाकाशी गेली. नट शेवटच्या दोन आट्यांवर लोंबत होता. खिळेच्या भोकात काही तरी कोंबलेलं दिसलं. तिनं नखानं ओढलं तर बाभळीच्या लाकडाची मेख निघाली, अर्धी चिरडून भुगा झालेली. बैलगाडीची खीळ वाटेत हरवली की तिचा बापसुद्धा अशीच बाभळीची मेख ठोकायचा. पण बापाचे बैल चालत जायचे, आणि अशा वेळी तो पोरीला गाडीतून उतरवून पायी चालवायचा.

"माहीत होतं तुमाले," वच्छला म्हणाली.

"काल सांजच्याले पाह्यलं. खीळ पाटावर दिसली. मायले पक्कड मांगतली, ते नाही म्हणाली." तो मोटारीच्या चाकाशी बोलत होता, तिच्याशी नाही. "बाबाच्या वेळचं तुले त माहीत हाये. तिच्या मनाले लागलं असतं, सणाच्या दिवशी. म्हटलं हळूहळू जाऊ. अकोल्यात गेल्यावर दुकानातून घेऊ दुसरी. मेख टिकन वाटलं."

"आन् शकुन?"

त्यानं ती चिरडलेली मेख तिच्या हातून घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

"शकुनले काहून घेतलं संगं?"

"ते रडत होती." मग अगदी हळू, "नको म्हटलं असतं, त तू इचारलं असतं काहून. तुले सांगतलं असतं, त तू मायसंगं भांडली असती."

पाठीमागं शकुन टोपलीतला झेंडू काढून स्टेअरिंगला माळ बांधत होती. तिला ऐकू जात होतं की नाही कोणास ठाऊक.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. शालिकरामनं रानातून सागाचा वासा आणला, दगडावर टेकवून आखाखाली घातला. वच्छला वाशाच्या टोकावर अंग टाकून लोंबकळली, तशी मोटारीची ती बाजू वर आली. त्यानं चाक आत दाबलं, नट फिरवला, चाक जड लागेस्तोवर आवळला, केसभर सैल सोडला. खीळ आरपार घातली. पाय फाकवताना त्याच्या हातातून पक्कड दोनदा निसटली, तेव्हा वच्छलानंच ती घेतली आणि काम पुरं केलं. मग चाक फिरवून पाहिलं. ते सरळ फिरलं, आवाज न करता, नव्या बेरिंगावर फिरायला पाहिजे तसं.

शालिकरामनं लांब श्वास सोडला. रंग परत आला त्याच्या तोंडावर. धोतराला हात पुसत तो हसायलासुद्धा लागला. "आता गाडी पार अमरावतीलोक जाईन. चाल, बस तूही. दोघीले अकोल्याचा दसरा दाखवतो." मग पाना तिच्या हातात देताना त्यानं आवाज उतरवला. "घरी गेलो की हे गुपचूप पाटावर ठेवून देजो. मायच्या ध्यानात यायच्या आंधी."

"मायच्या डोळ्यांपुढून उचललं म्या," वच्छला म्हणाली. "तिनं हात धरला होता, तरी उचललं."

शालिकरामचं हसू तिथंच विरलं. "तिच्यापुढून?" तो म्हणाला. त्याचे डोळे मोठे झाले, आणि त्यांत भीती होती, खरी भीती. दरीच्या काठावर चाक निखळायला आलेलं पाहून नव्हती तेवढी. "तिच्यापुढून उचललं? मंग माय काय म्हणाली?"

वच्छला वळसा घालून पलीकडे गेली आणि तिनं दार उघडलं.

"शकुन, उतर."

"काहून? चाक त बसलं ना आता?"

"चाक बसलं. तू उतर."

पोरीनं भोकाड पसरलं. वच्छलानं तिला उचलून खाली घेतलं, पाना-पक्कड पुन्हा पदरात बांधली आणि पाऊलवाटेनं चढायला लागली. शकुन रडत होती, बाबाकडे मागं वळून पाहत होती, आणि हात दुखतो म्हणत होती. तेव्हा कुठं वच्छलाला कळलं, की आपण तिचं मनगट किती आवळून धरलं आहे. तिनं पकड सैल केली, पण सोडली नाही. खालून मोटार सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मोटार थांबली की जिवाची ही धडधड थांबेल, असं तिला सगळी वाट वाटत आलं होतं. धडधड थांबली नव्हती. आज सांजेला तो घरी येईल, आपट्याचं सोनं आणील, आईच्या पाया पडेल, जेवायला पाटावर बसेल, आणि शकुनला मांडीवर घेईल. वच्छला ताट वाढेल, आणि त्या मांडीवरून नजर काढणार नाही.